सालीचं पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार

अक्का आज पुन्हा मध्येच बसल्या! लिंबाच्या वाफ्यात, दोन ओळींच्या मधोमध, खुरपं तसंच हातात. मी धावत गेले तर म्हणे, "काही नाही, मुळं बघत होते." मुळं! ओठ निळे पडलेले आणि बाई मुळं बघताहेत.

डॉक्टरकडे न्यायचं तर घरातल्या तिघांचं भांडण. अक्का नको म्हणतात, मी ओरडते, आणि हे दोघींच्या मध्ये गाडीची किल्ली फिरवत उभे. शेवटी हेच म्हणाले, "वहिनी, बसा गाडीत, नाहीतर उचलून ठेवतो." बसल्या.

डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला. मग विचारलं, "किती वर्षं औषध मारताय?" मीच सांगितलं, मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून. थोरले भावजी गेले आणि तणनाशकाचा पंप अक्कांच्या पाठीवर आला, तो उतरलाच नाही. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं आक्रसलीत. जेवढं गेलं ते गेलं. आता त्या औषधाला हात लावायचा नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही. पुन्हा त्यात उभ्या राहिलात तर माझ्याकडे उपाय नाही." आणि रोज सकाळी मोकळ्या हवेत फिरायला सांगितलं.

परत येताना अक्का एकच वाक्य बोलल्या — "मग तण काय डॉक्टर येऊन उपटणार?"

५ फेब्रुवारी, बुधवार

शेडमध्ये खिडकीशी बसून लिहितेय. समोरच्या भिंतीवर पंप खिळ्याला टांगलाय. त्याच्याकडे बघितलं की अंगावर काटा येतो. पट्ट्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलंय. विण बाबा. सावकाश विण.

तणनाशकाचा उरलेला कॅन अक्कांनी स्वतः नेऊन टाकला. मी टाकणार होते, तर म्हणाल्या, "राहू दे, तू वाटेत सांडशील." कुठे टाकला विचारलं तर, "लांब." सुटले बाई!

पण आता तणाचं काय? मोठा बागवाला महिनाअखेरीस आपल्या रोपवाटिकेतली रोपं बघायला येणार. त्याची एकच अट — मुळाच्या मातीत लव्हाळा नको. बरोबरच आहे म्हणा. लव्हाळ्याची एक गाठ मातीबरोबर गेली की त्याची अख्खी बाग खाईल. आपल्याकडे तर गालिचा अंथरलाय! वरून उपटावा तर खाली गाठी हसत बसलेल्या.

फवारायला माणूस लावायची सोय नाही. मागे एकाला लावलं होतं, त्याने तणाबरोबर रोपंही जाळली. तेव्हापासून अक्कांचा कुणावर विश्वास नाही. मी म्हटलं, मी मारते. केवढ्याने ओरडल्या! "पंपाला हात लावायचा नाहीस तू. पुन्हा बोलायचं नाही." ह्यांचा दिवस रोपं पोचवण्यात जातो. उरलो दोघी आणि दोन खुरपी. त्यातली एक बसली की उठताना धाप लागते.

६ फेब्रुवारी

बहिणीला फोन केला. धाकटी असून मला शिकवते — प्रयोगशाळेत नोकरी करते ना! पण आज कामाचं बोलली. म्हणाली, "निलगिरीखाली गवत का उगवत नाही, कधी बघितलंस?" तिच्या सालीत, पानांत असं काही असतं म्हणे की दुसऱ्याचं बी रुजतच नाही. साल भिजवायची, उकळायची, गाळून ते पाणी ओळींच्या मधल्या मातीत द्यायचं. रोपं मोठी आहेत, त्यांना सहसा काही होत नाही.

सहसा! ह्या शब्दाने माझी झोप जाणार.

७ फेब्रुवारी

वखारीतून साल आणली. वखारवाला हसत होता — "वहिनी, लोक लाकूड नेतात, तुम्ही सालपटं नेताय." हसू दे.

घरी अक्कांनीही तोंडसुख घेतलं. "साल उकळून तण मरत असतं तर आम्ही इतकी वर्षं काय झक मारली?" मी म्हटलं, अहो अक्का, निलगिरीखाली जाऊन बघा, उगवलंय का काही? उत्तर नसलं की अक्का चष्मा पुसतात. पुसला.

पण मग म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत कर तुझे उद्योग. नाही जमलं तर मी आहे आणि पंप आहे."

म्हणजे हे पाणी चाललं नाही तर ही बाई खरंच पंप उचलणार! डॉक्टरांचं बोलणं एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिली खेप वाया.

दोन ताटल्यांत ओलं फडकं घालून मोहरी पसरली होती. एकीत साधं पाणी, दुसरीत सालीचं. बहिणीची युक्ती — आधी ताटलीत बघ, मग जमिनीत. आज दोन्हीकडे मोहरी कशी तरारून उगवलीय! सालीच्या ताटलीतली जरा जास्तच खुशीत.

बहीण म्हणाली, साल जुनी असेल. खरंच, वखारीच्या मागे उघड्यावर पडलेल्या ढिगातली होती ती. पावसापाण्यात सत्त्व कधीच धुऊन गेलेलं. मी तो नुसता भुसाच दिवसभर उकळत बसले होते! कुणाला सांगायचीसुद्धा लाज.

ह्यांनी एक ताटली चुकून विसळून टाकली. वर मलाच — "मोड आलेली मोहरी कशाला करतेस? कुणी खात नाही."

१३ फेब्रुवारी

ताजी साल. झाडावरून उतरवल्या उतरवल्या आणली, हाताला चिकट लागत होती. रात्रभर भिजवून मग शेडमागच्या चुलीवर मंद आचेवर ठेवली. रंग उतरला — काळसर लाल, कडक चहासारखा. वास थेट नाकातून डोक्यात.

आणि ताटली! साध्या पाण्याची मोहरी वर आलीय. सालीच्या पाण्याची जशीच्या तशी. एक दाणा फुटला नाही!

अक्कांना ताटल्या नेऊन दाखवल्या. चष्मा लावून बघितल्या, बोटाने दाणे हलवले. "मोहरी मेली. लव्हाळा मोहरी नाही."

ह्या बाईच्या तोंडून एक चांगला शब्द काढायचा तर सांडशीने ओढावा लागेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज लिंबाच्या सगळ्या वाफ्यांना पाणी दिलं. झारीने, ओळींच्या मधून, पानाला थेंब लागू न देता. कंबरेचे तुकडे झाले. गाळलेला चोथा वाटांवर पसरला.

सगळ्या वाफ्यांना म्हटलं खरं, पण कुंपणाकडचा शेवटचा वाफा सोडून. त्याला तीच झारी, पण नुसतं साधं पाणी. बहिणीने बजावलंय — ताटलीत केलंस तसंच जमिनीत कर, नाहीतर काय कशाने झालं ते कळणार नाही. आणि कुणाला सांगू नकोस. "तुझ्या जाऊबाईंना कळलं तर तेवढ्याच वाफ्यातलं खुरपून ठेवतील." ओळखते ती अक्कांना! म्हणून ह्यांनाही सांगितलं नाही. सगळ्यांच्या समोर ऐटीत साधं पाणी ओतून आले. नाटक चांगलं जमतं मला.

बहिणीने आणखी एक सांगितलं, ते मात्र डाचतंय. म्हणाली, "हे नवीन बी उगवू देत नाही. उगवलेलं मरेलच असं नाही. लव्हाळ्याकडून तर फार आशा धरू नकोस, त्याच्या गाठी असतात." मग आधी का नाही बोललीस बये? म्हणे, बोलले होते, तू ऐकलं नाहीस. ऐकलंही नसेल. मला तेव्हा फक्त पंप दिसत होता.

१६ फेब्रुवारी

काही नाही.

१७ फेब्रुवारी

काही नाही. दिवसातून दहा वेळा बघून येते. हे म्हणाले, "दूध उतू जातंय का बघतेस की काय?"

अक्का फिरायला जायला तयार नाहीत. "सगळा दिवस उभीच असते, आणखी काय फिरू?" आज पहाटे मीच उठवलं, चपला पायाशी ठेवल्या आणि दारापर्यंत ढकलत नेलं. कुरकुरत गेल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नवीन कोंब दिसत नाहीत हे खरं. पण जे होतं ते वाढतंच आहे. लव्हाळा बोटभर उंच झाला. माझं पाणी पिऊन!

कुंपणाकडचा वाफाही बघितला. तिथे तर नवं-जुनं सगळंच माजलंय. म्हणजे सालीने काहीतरी नक्की होतंय — पण अर्धंच. आणि ह्या अर्ध्यावर बागवाला रोपं घेणार नाही. आज त्याचा फोनही आला, तारीख पक्की करायला. हे "या या" म्हणाले. मी आत जाऊन शेडमध्ये बसले आणि रडले. तोंडात ओढणी कोंबून, लहान मुलीसारखी. मला रोपांचं रडू येत नव्हतं. रोपं गेली खड्ड्यात. अक्का पंप पाठीवर चढवताहेत, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला कलम बांधता येत नव्हतं. हीच बाई माझा अंगठा धरून शिकवायची आणि चुकलं की मनगटावर चापट मारायची. अजून मारते. मला तिची चापट हवीय.

मागे वळून बघते तर दारात अक्का! कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. मी डोळे पुसायला लागले. त्या म्हणाल्या, "सालीचा धूर फार होतो डोळ्यांत." आणि निघून गेल्या.

२० फेब्रुवारी

नवल! अक्का आज स्वतः उठून फिरायला गेल्या. मी उठायच्या आधीच.

२३ फेब्रुवारी, रविवार

पिवळा पडतोय! लव्हाळा पिवळा पडतोय!! आधी शेंडे, आता पाती. पहिल्या वाफ्यात तर मान टाकलीय त्याने. मी तिथेच मातीत बसकण मारली. ह्यांना हाका मारून बोलावलं, हे अर्धी दाढी करून धावत आले, वाटलं कुणाला विंचू चावला. बघितलं आणि म्हणाले, "च्यायला!" एवढंच. ह्यांच्याकडून हे म्हणजे भाषण.

बहिणीला फोन लागला नाही. ती म्हणाली होती आशा धरू नकोस. घ्या!

फक्त अक्कांचा खोकला वाढलाय. चुलीच्या धुराने. माझ्याच चुलीच्या! मला आधी कसं सुचलं नाही? चूल आजच पार विहिरीपलीकडे नेली. साल वाहून हात दुखतात, पण धूर आता घराकडे येणार नाही.

२४ फेब्रुवारी

अक्कांना फिरण्याची गोडी लागली. अंधार असतानाच जातात, आल्या आल्या अंघोळ, अंगावरचे कपडेही लगेच स्वतः धुऊन टाकतात. मी म्हटलं, माझ्या बादलीत टाका की. तर, "मी काय लुळी झाले का?"

ह्यांनी शेड झाडलेली दिसते, पंपावरचं जाळं गेलंय. लग्नानंतर पहिल्यांदा झाडू हातात घेतला असेल स्वारीने!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जीव थाऱ्यावर नाही. दुसऱ्या वाफ्यातल्या दोन रोपांची तळची पानं करपलीत. कडेने, जळल्यासारखी. माझं पाणी जास्त कडक झालं! "सहसा काही होत नाही" — हेच ते सहसा. आता एकेक रोप असंच गेलं तर? मी सालीचं पाणी दिलेल्या सगळ्या वाफ्यांत वाकून वाकून पानं तपासली. बाकी ठीक आहेत. पण आहेत की उद्या करपणार आहेत?

अक्कांना दाखवलं. बघितलं न बघितल्यासारखं केलं. "ऊन लागलं असेल," म्हणाल्या, आणि ती पानं चिमटीत धरून खुडून टाकली. खोकल्याने दमल्यात. चूल एवढी लांब नेली तरी खोकला कमी नाही. उद्या पुन्हा डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तर म्हणे, बागवाला येऊन जाऊ दे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आला आणि गेला! हात अजून थंड आहेत.

मला सगळी धास्ती कुंपणाकडच्या वाफ्याची. तिथलं तण आतापर्यंत गुडघ्याला लागलं असणार. त्याला नळीने आपोआप पाणी मिळतं, मागच्या बुधवारनंतर तिकडे मी गेलेच नव्हते, बघवतच नाही. सकाळीच मध्ये हिरवी जाळी आडवी बांधून टाकली. बागवाला त्या बाजूला वळला की मी मध्ये. "इकडे या ना, ही रोपं बघा." तीनदा वळला, तीनदा मी मध्ये! ह्यांना वाटलं मला वेड लागलंय.

त्याने रोप उपटून मुळाची माती बोटांनी फोडून बघितली. एक, दुसरं, तिसरं. मग माती झटकत म्हणाला, "काय मारलंत हो? लव्हाळा असा जळालेला मी बघितला नाही." आमच्या सगळ्यांच्या आधी अक्का बोलल्या. "औषध नाही. ही झाडाची साल उकळते. हिच्या पाण्याने झालं."

हिच्या पाण्याने झालं! अक्का! माझ्यासमोर, परक्या माणसासमोर!

मला पुढचं ऐकूच आलं नाही. सगळी रोपं घेतोय, आणि पुढच्या खेपेला याच्या दुप्पट. हे तर उडायलाच लागलेत — "आता पेरूच्या वाफ्यांनाही तुझं पाणी, गुलाबांनाही. सगळीकडे सालच साल!" अक्का म्हणाल्या, "सगळीकडे?" आणि खाटेच्या कडेवर बसल्या. म्हटलं, काय झालं? म्हणाल्या, "काही नाही. काम वाढलं."

मी त्यांचे पाय चेपून दिले. नको नको म्हणत होत्या, मग पडून राहिल्या. किती वर्षांनी घरात मोकळं वाटतंय. तो पंप आता भंगारात देणार आहे मी. कोळ्याची माफी मागून.

२८ फेब्रुवारी

बहिणीशी बोलले एकदाची. सगळं सांगितलं, वाढवून वाढवून. मला वाटलं, शाबासकी देईल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लव्हाळासुद्धा?" म्हटलं, हो, लव्हाळासुद्धा! "गाठींसकट?" हो गं बाई! मग म्हणाली, "साध्या पाण्याचा वाफा कसा आहे?"

कसा असणार? जंगल! नाही बघितला, जाळीमागे आहे. तर चिडलीच माझ्यावर. "तो बघितल्याशिवाय तुला काहीही कळलेलं नाही. सकाळी उजाडल्यावर जा आणि दिसेल ते लिहून ठेव." नेहमीचंच. धाकटी असून मास्तरीण.

अक्का आज जेवल्या नाहीत. झोप झाली की बरं वाटेल म्हणाल्या. उद्या मुळीच ऐकणार नाही, डॉक्टरकडे नेणारच. आता कसला बागवाला आणि कसलं काय.

१ मार्च, शनिवार

उजाडलंय. जाळी सोडून बघून आले. दिसलं ते लिहितेय.

कुंपणाकडच्या वाफ्यात हिरवं काही नाही. तण पिवळं पडून आडवं झालंय. लव्हाळासुद्धा. बाकीच्या वाफ्यांत आहे, अगदी तसंच. त्या वाफ्याला मी सालीच्या पाण्याचा थेंबही दिलेला नाही, आणि हे माझ्याशिवाय इथे कुणालाही माहीत नाही.

मग हे कशाने

समोर शेडच्या भिंतीवरचा खिळा रिकामा आहे. पंप नाही. भंगारवाला अजून आलेला नाही.

अक्का फिरायला गेल्यात. आज उठवत नव्हतं त्यांना. मीच हात धरून उठवलं, चपला पायाशी ठेवल्या.